घरमालकाचे मत

शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला. त्याच्या २८ व्या कलमात एक छोटासा नियम आहे. शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये. हा नियम प्रत्येक शिक्षकाला अप्रामाणिक समजतो असे नाही. शिकवणी घेऊनही वर्गात जीव ओतून शिकवणारे शिक्षक असतातच. पण सकाळी वर्गात जे अर्धवट राहील, तेच संध्याकाळी पैसे घेऊन पूर्ण करता येईल, अशी सोय झाली की माणसाच्या हातून काय घडेल याचा भरवसा देता येत नाही. शिवाय शिक्षक कितीही सचोटीचा असो, पालकाच्या मनात शंका उरतेच. म्हणून कायदा म्हणतो की, त्या जागी उभेच राहू नका. आम्ही शिक्षकांनी हा नियम मान्य केला आहे. निदान तत्त्व म्हणून त्याला कोणी चुकीचे म्हणत नाही.

गावपातळीवरही हेच तत्त्व आहे. ग्रामपंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष हिस्सा असेल, तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या १४ व्या कलमाखाली त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यातही नगरसेवकासाठी असे कलम आहे. आमदार-खासदारांनाही लाभाचे पद आणि सरकारी कंत्राट यांबाबत अपात्रतेची कलमे लागू आहेत. पण कंत्राट म्हणजे एखादी गटार, एखादी शाळेची खोली. कायदा म्हणजे लाखो घरांचे, लाखो व्यवहारांचे भवितव्य. आणि नेमके तेथे, कायदा करण्याच्या कामात, हे तत्त्व एकदम सैल पडते. ज्याची दहा घरे भाड्याने दिलेली आहेत, तो भाडेकायद्यावर बोलू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो, मत देऊ शकतो. हे योग्य आहे काय? एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. पण खोलात गेल्यावर ते तितके सोपे राहत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे लाचखोरी नव्हे. लाचेत माणूस आपले मत विकतो. येथे मत विकले जात नाही. ते आपोआप एका बाजूला कलते, आणि बहुतेक वेळा मत देणाऱ्यालाही ते कळत नाही. घरमालक आमदाराला मनापासून वाटू शकते की भाडेकरूला जास्त संरक्षण दिले तर कोणी घर भाड्याने देणारच नाही. कदाचित त्याचे म्हणणे खरेही असेल. पण हे मत अनुभवातून आले की दरमहा हाती येणाऱ्या भाड्यातून आले, हे तो स्वतः सांगू शकेल काय? मला नाही वाटत. ज्या तराजूत आपलाच माल ठेवलेला आहे, त्या तराजूचा काटा आपणच वाचू नये, इतके साधे हे तत्त्व आहे.

आपल्या वाचकांना एक प्रसंग ठाऊक असेल. हजरत अबू बकर (रजि.) खलिफा झाले, त्यानंतर ते नेहमीप्रमाणे कापड घेऊन बाजाराकडे निघाले. व्यापार हाच त्यांचा चरितार्थ होता. हजरत उमर आणि हजरत अबू उबैदा यांनी त्यांना वाटेत थांबवले आणि बैतुलमालातून घरखर्चापुरती रक्कम ठरवून दिली. राज्यकारभाराला वेळ मिळावा, हे त्याचे सांगितले जाणारे कारण. पण त्यात आणखी एक अर्थ आहे. ज्याच्या हाती बाजाराची सूत्रे आहेत, त्याच्याशी भाव करण्याची हिंमत कोण करील? पुढे हजरत उमर यांच्याविषयी अशी रिवायत आहे की, मुलाचे उंट सार्वजनिक कुरणात धष्टपुष्ट झालेले पाहून त्यांनी ते विकायला लावले, मूळ किंमत मुलाला ठेवू दिली आणि वरचा नफा बैतुलमालात जमा करविला. मुलाने चोरी केली नव्हती. कुरण सर्वांना खुले होते. परंतु हे खलिफाच्या मुलाचे उंट आहेत, त्यांना आधी चरू द्या, आधी पाणी पाजा, असे लोक न सांगताही करतील, ही त्यांची शंका होती. येथे कोणावरही गुन्ह्याचा आरोप नाही. पदाची सावली कुठपर्यंत पडते, एवढेच पाहिलेले आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६९ मध्ये क्रायपाक खटल्यात हेच पाहिले. वनसेवेसाठी अधिकारी निवडणाऱ्या मंडळावर एक असा अधिकारी होता, जो स्वतः उमेदवारही होता. स्वतःच्या नावाचा विचार सुरू असताना तो बैठकीत बसला नाही. पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा झाली तेव्हा तो हजर होता. न्यायालयाने निवड रद्द केली. पक्षपात झालाच हे सिद्ध करण्याची गरज नाही, तो होण्याची वाजवी शक्यता पुरेशी आहे, असे तत्त्व त्यातून पक्के झाले. म्हणजे निवड मंडळाला जो नियम आहे, न्यायाधीशाला जो नियम आहे, तोच शिक्षकाला आणि सरपंचाला आहे. मग कायदेमंडळाचे काय?

याचे स्पष्ट उदाहरण इंग्लंडमध्ये पाहायला मिळते, कारण तेथे खासदाराला आपली भाड्याची मिळकत जाहीर नोंदवहीत लिहावी लागते. एक लाख पौंडांपेक्षा अधिक किमतीची मालमत्ता, किंवा वर्षाला दहा हजार पौंडांपेक्षा अधिक भाडे असेल तर नोंद आवश्यक. ही नोंदवही कोणीही पाहू शकतो. जानेवारी २०१६ मध्ये तेथील संसदेत गृहनिर्माण विधेयकावर एक दुरुस्ती आली. तिची मागणी अगदी साधी होती. भाड्याने दिलेले घर माणसाला राहण्यायोग्य असले पाहिजे, आणि ती मालकाची कायदेशीर जबाबदारी असावी. ओल, बुरशी, मोडका जिना, गळते छप्पर असलेले घर भाड्याने देऊ नये. ही दुरुस्ती २१९ विरुद्ध ३१२ मतांनी फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी नोंदवही उघडली. विरोधात मत देणाऱ्या सत्ताधारी पक्षाच्या खासदारांपैकी ७२ जण स्वतः घरमालक होते.

या आकड्याने तेथे मोठी खळबळ उडाली. पण थोडे गणित करू. ३१२ मधून ७२ वजा केले तर २४० उरतात. २४० विरुद्ध २१९. म्हणजे ते ७२ जण सभागृहाबाहेर बसले असते तरी दुरुस्ती पडलीच असती. ते सरकारी पक्षाचे होते, आणि पक्षादेशाप्रमाणे त्यांनी मत दिले. सरकारचे म्हणणे असे होते की स्थानिक परिषदांकडे पुरेसे अधिकार आहेतच, नवे ओझे कशाला? हेही एक मत होऊ शकते. मग त्या ७२ जणांनी नेमके काय बिघडवले?

माझ्या मते त्यांनी निकाल बिघडवला नाही. त्यांनी निकालाची पत घालवली. ओल आलेल्या खोलीत मूल खोकत असलेल्या आईला दुसऱ्या दिवशी कळले की, तुझी खोली राहण्यायोग्य असावी की नाही हे ज्यांनी ठरवले, त्यांत खोल्या भाड्याने देणारे ७२ जण होते. सरकारचा युक्तिवाद कितीही सरळ असता, तरी तो आता तिच्यापर्यंत पोहोचणार नव्हता. कायद्याला केवळ बहुमत पुरत नाही. हरलेल्या बाजूलाही वाटावे लागते की आपले म्हणणे कोणीतरी मोकळ्या मनाने ऐकले. ते वाटणे नाहीसे झाले की उरते ती फक्त सत्ता. पुढे हीच तरतूद खासदार कॅरन बक यांच्या विधेयकातून २०१८ मध्ये सरकारच्या पाठिंब्याने संमत झाली आणि मार्च २०१९ पासून लागू झाली. ज्याला अनावश्यक ओझे म्हटले होते तेच दोन-तीन वर्षांत आवश्यक ठरले.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे आणि ते आपल्याला अधिक जवळचे वाटेल. रुशनारा अली या सिल्हेटमध्ये जन्मलेल्या, पूर्व लंडनच्या कष्टकरी वस्तीतून निवडून येणाऱ्या, बांगलादेशी वंशाच्या पहिल्या ब्रिटिश खासदार. मजूर पक्षाच्या सरकारात त्यांच्याकडे बेघरांच्या प्रश्नाचे मंत्रिपद होते. ऑगस्ट २०२५ मध्ये बातमी आली की, त्यांच्या मालकीच्या घरातील भाडेकरूंना मुदत संपल्यावर घर सोडावे लागले, आणि तेच घर नंतर महिना सुमारे ७०० पौंड जास्त भाड्याने देण्यासाठी जाहिरातीत आले. त्याच वेळी त्यांचे सरकार भाडेकरूंच्या हक्कांचा कायदा आणत होते. विकायचे आहे असे सांगून घर रिकामे करून घ्यायचे आणि लगेच जास्त भाड्याने द्यायचे, या प्रकाराला त्या कायद्यात बंदी येणार होती. अली यांचे म्हणणे होते की आपण सर्व कायदेशीर अटी पाळल्या. घर विकायला काढले होते, गिऱ्हाईक मिळाले नाही. ७ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांनी राजीनामा दिला.

येथे कोणी कायदा मोडला असे सिद्ध झाले नाही. तरीही राजीनामा द्यावा लागला, आणि तो योग्यच होता असे मला वाटते. कारण उद्याच्या कायद्यात जे चूक म्हणून लिहिले जाणार आहे, ते आज कायद्यात लिहिलेले नाही म्हणून करायचे, ही मुभा सामान्य घरमालकाला असू शकते. तो कायदा लिहिणाऱ्या सरकारातील मंत्र्याला नसते. हे सांगताना एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. आपला माणूस, आपल्या नावाचा माणूस पदावर गेला की तो आपलेच दुःख जाणील, अशी आपली भाबडी समजूत असते. पण घराची किल्ली हातात आली की नाव, वंश, वस्ती यांपेक्षा मालकीची ओढ मोठी ठरू शकते. प्रतिनिधित्व आवश्यक आहे. पण ते हितसंबंधांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

आता आपल्याकडे वळू. लोकसभेच्या कामकाजाच्या ३७१ व्या नियमाप्रमाणे एखाद्या सदस्याचा विषयात वैयक्तिक, आर्थिक किंवा प्रत्यक्ष हितसंबंध असेल तर त्याच्या मताला हरकत घेता येते. वाचून बरे वाटते. पण त्याच नियमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, तो हितसंबंध त्या व्यक्तीचा स्वतंत्र असला पाहिजे. सर्वसाधारण जनतेशी किंवा तिच्यातील एखाद्या वर्गाशी सामाईक असलेला हितसंबंध, किंवा राज्याच्या धोरणाचा प्रश्न, यात मोजायचा नाही. ही कल्पना मूळची ब्रिटिश संसदेतली. १८११ मध्ये तेथील सभापती ॲबट यांनी असा निर्णय दिला होता. दोनशे वर्षांहून जुनी ही चौकट आपण जवळजवळ तशीच उचलली. तिचा परिणाम उघड आहे. एकाच इमारतीच्या भूसंपादनाचा ठराव असेल तर त्या इमारतीचा मालक अडचणीत येईल. पण राज्यातील सर्व इमारतींचा कायदा असेल तर तो निर्धास्त राहील, कारण घरमालक हा एक 'वर्ग' आहे. फायदा एकट्याचा असेल तर हितसंबंध. फायदा सगळ्या मालकांचा असेल तर धोरण.

राज्यसभेत एक पाऊल पुढे टाकलेले आहे. तेथे सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. विषयात आपला आर्थिक संबंध असेल तर तो जाहीर केल्याशिवाय चर्चेत भाग घेऊ नये, असा नियम आहे. पण त्या नोंदवहीत कोणती खाती आहेत? मोबदल्याचे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, कंपनीवर ताबा राहील इतके भागभांडवल, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम. या पाचांत घरभाड्याचे वेगळे खाते नाही. ज्या देशात पैसा मिळाला की माणूस प्रथम जमीन आणि घर घेतो, त्या देशाच्या नोंदवहीत घरभाड्यालाच जागा नसावी, हे नवल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे निवडणुकीच्या वेळी उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र येते. त्यातून त्याची घरे किती, कुठे, किती किमतीची हे मतदाराला कळते. २०१८ च्या निकालानंतर उत्पन्नाची साधनेही द्यावी लागतात. हे मोठे काम झाले आहे. पण ती पाच वर्षांतून एकदाची वही आहे. भाडेकायद्यावर मतदान होते त्या दिवशी ती वही सभागृहात कोणी उघडत नाही.

आणि स्वतःच्या घराचा प्रश्न आला की कायदेमंडळ कसे वागते याचा एक नमुना उत्तर प्रदेशात दिसला. माजी मुख्यमंत्र्यांना तहहयात सरकारी बंगला देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये बेकायदा ठरवले. विधिमंडळाने लगेच कायद्यात दुरुस्ती करून तोच बंगला पुन्हा देऊ केला. मे २०१८ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्तीही रद्द केली. सामान्य माणसाने घर टिकवण्यासाठी कोर्टकचेरी करावी लागते. येथे घर टिकवण्यासाठी कायदाच बदलला गेला.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग सोपे आहे, घरमालक आमदारांना भाडेकायद्यावर मतच देऊ देऊ नका. मला हे पटत नाही. त्याचे कारण आपली मुंबईच आहे.

मुंबईत भाडे बांधून देणारा पहिला कायदा पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा कायदा आला. त्यात प्रमाण भाड्याचा आधार म्हणून १ सप्टेंबर १९४० ची तारीख धरली गेली. हा कायदा तात्पुरता होता. पण दर वेळी मुदत वाढवत तो अर्धशतक चालला. त्याने लाखो गिरणी कामगारांना, हमालांना, कारागिरांना या शहरात टिकवले. मदनपुरा, डोंगरी, भायखळा येथील कित्येक घरांची चूल त्या कायद्यामुळे पेटत राहिली, हे विसरता येणार नाही. पण काळ गेला, वस्तूंचे भाव अनेक पटींनी वाढले आणि भाडे मात्र १९४० मध्येच थांबले. मालक दुरुस्ती करीना. कायद्याने गुन्हा असलेली पागडी उघड व्यवहार बनली. इमारती म्हाताऱ्या होत गेल्या आणि १९६९ मध्ये त्यांच्या दुरुस्तीसाठी उपकर लावून स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले की, एके काळी न्याय्य असलेल्या या तरतुदी आता मनमानी झाल्या आहेत. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली आणि पागडीही कायदेशीर झाली.

हा अन्याय पन्नास वर्षे का टिकला? घरमालकांच्या मतांमुळे नव्हे. भाडेकरू मतदार संख्येने जास्त, म्हणून. त्यांना दुखवायची कोणाची तयारी नव्हती. त्यांत गरीब होते तसे मोक्याच्या जागी मोठी दुकाने आणि प्रशस्त फ्लॅट जुन्या भाड्यात सांभाळणारेही होते. दिल्लीत तर याहून नवल घडले. १९९५ चा दिल्ली भाडे कायदा संसदेने संमत केला, राष्ट्रपतींची सही झाली, पण जुन्या भाड्यातील व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे तो कधीच अमलात आला नाही. म्हणजे हितसंबंध फक्त मालकाला असतो असे नाही. भाडेकरूलाही असतो. सभागृहातील भाडेकरू सदस्यालाही असतो. घरमालकाला बाहेर बसवायचे तर भाडेकरूलाही बसवावे लागेल. मग आत राहील कोण? सरकारी बंगल्यात राहणारे?

आणखी एक उदाहरण माझ्याच व्यवसायाचे घेतो. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघाच्या आहेत. तो आमदार शिक्षकांच्या पगाराबद्दल, अनुदानाबद्दल, पेन्शनबद्दल बोलतो. त्याला कोणी हितसंबंधी म्हणत नाही, उलट त्यासाठीच त्याला निवडून दिलेले असते. शेतकरी आमदाराने उसाच्या भावावर बोलू नये असे कोण म्हणेल? लोकशाही म्हणजे काही हितसंबंध नसलेल्या फकिरांची मजलिस नव्हे. निरनिराळे हितसंबंध उघडपणे एकमेकांसमोर बसवण्याची ती एक जागा आहे.

मग फरक कोठे आहे? मला तो तीन ठिकाणी दिसतो.

पहिला फरक उघडपणाचा. शिक्षक आमदाराचा हितसंबंध त्याच्या मतदारसंघाच्या नावातच लिहिलेला आहे. घरमालक आमदाराचा कुठेही लिहिलेला नाही. तो गृहनिर्माणाचे अर्थशास्त्र सांगतो, बाजारपेठेची चिंता वाहतो, आणि श्रोत्याला वाटते की हा तटस्थ जाणकार बोलतो आहे. शिक्षक आमदार वकिली करतो तेव्हा ती वकिली म्हणून ऐकली जाते. घरमालकाची वकिली निवाडा म्हणून ऐकली जाते. अन्यायाची सुरुवात येथे होते.

दुसरा फरक जागेचा. शंभर जणांत एक मत देणे वेगळे आणि विधेयकाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचा अध्यक्ष असणे किंवा त्या खात्याचा मंत्री असणे वेगळे. मत शंभरात मिसळते. मसुद्यातला एक शब्द मात्र एकटा माणूस बदलू शकतो, आणि तो शब्द पुढे लाखो करारांत उतरतो.

तिसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समोरची बाजू सभागृहात आहे काय? जुन्या भाडेकरूची बाजू मुंबईत होती, कारण तो मतदार होता, संघटित होता, पिढ्यान्‌पिढ्या एकाच पत्त्यावर होता. आजचा भाडेकरू तसा नाही. तो अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. १९९९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे मुदत संपली की त्याने जायचे, न गेल्यास दुप्पट रक्कम भरायची. त्याचे मतदार यादीतले नाव बहुधा गावी, किंवा तीन घरांपूर्वीच्या पत्त्यावर. सोसायटीच्या सभेत त्याला मत नाही. त्याची संघटना नाही, कारण संघटना उभी राहायला लागतो तितका वेळ तो एका जागी टिकतच नाही. म्हणजे एकाच शहरात, एकाच कायद्याखाली, कधीकधी एकाच जिन्यावर दोन प्रकारचे भाडेकरू राहतात. एकाला कायद्याने इतके दिले की मालक नाडला गेला. दुसऱ्याला इतके थोडे दिले की तो दरवर्षी सामान बांधतो. फरक गरजेचा नाही, सभागृहात पोहोचण्याच्या ताकदीचा आहे.

आणि या दोघांच्याही पलीकडे एक तिसरा आहे, ज्याच्याविषयी कायदा बोलतच नाही. तो म्हणजे दारातूनच परत पाठवलेला माणूस. आपल्यापैकी ज्यांनी मिश्र वस्तीत भाड्याने घर शोधले असेल, त्यांना ही पद्धत सांगायला नको. फोनवर सगळे ठरते. डिपॉझिट, भाडे, तारीख. मग नाव विचारले जाते, आणि एजंट सांगतो की मालकाचा विचार बदलला. मलाही हा अनुभव आहे, आणि माझ्या शाळेतील कित्येक सहकाऱ्यांना आहे. दलित, एकट्या स्त्रिया, परप्रांतीय यांनाही तो येतो. भाडे नियंत्रण कायदा भाडेकरू घरात शिरल्यानंतर सुरू होतो. उंबऱ्याबाहेरच्याला तो ओळखत नाही. संविधानाच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते आहेत, खासगी मालकाचे भाड्याचे घर नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सदस्यत्व मर्यादित ठेवणारा उपनियम वैध ठरवला. २०२१ मध्ये केंद्राने राज्यांसाठी आदर्श भाडेकायद्याचा मसुदा मंजूर केला. निवासी घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावे, अशी चांगली तरतूद त्यात आहे. पण धर्म, जात पाहून घर नाकारू नये, एवढी एक ओळ त्यातही नाही.

ती ओळ कोण लिहील? ज्याला घर नाकारले गेले आहे, की ज्याच्याकडे नाकारायला घर आहे? सर्व घरमालक लोकप्रतिनिधी असे वागतात असे मी म्हणत नाही, तसा पुरावाही माझ्याकडे नाही. माझे म्हणणे इतकेच की, हा प्रश्न सुचण्यासाठी जो अनुभव लागतो तो मालकाच्या बाजूने दिसत नाही. हितसंबंध माणसाला खोटे बोलायला लावतो हे त्याचे लहान नुकसान. काही प्रश्न त्याच्या डोळ्यांसमोर येऊच देत नाही, हे मोठे. मतदान झालेल्या विधेयकात आपण हितसंबंध शोधतो. जे विधेयक कधी मांडलेच गेले नाही त्यात तो कसा शोधायचा?

म्हणून मला घरमालक सदस्याचे तोंड बंद करायचे नाही. त्याच्याजवळ मालमत्ता कराचा, दुरुस्तीचा, भाडे थकवणाऱ्या भाडेकरूचा खरा अनुभव आहे, आणि चांगल्या कायद्याला तोही हवा. पण त्याने बोलण्यापूर्वी उभे राहून सांगावे की माझी इतकी घरे भाड्याने आहेत, आता माझे ऐका. ही एवढी अट विधिमंडळाच्या नियमांत घालायला पैसा लागत नाही. नोंदवहीत घरभाड्याचे खाते उघडावे आणि ती सर्वांना पाहता यावी. भाडेकायद्याचा मसुदा ज्या समितीत घडतो तिचे अध्यक्षपद आणि त्या खात्याचे मंत्रिपद मोठ्या घरमालकाने घेऊ नये, घेतलेच तर मालमत्तेच्या कारभारापासून दूर राहावे. आणि विधेयक समितीसमोर असताना अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना, घर नाकारले गेलेल्यांना बोलावून त्यांचे म्हणणे नोंदवावे. एका बाजूला आवाज कमी करण्यापेक्षा दुसऱ्या बाजूला खुर्ची देणे अधिक न्यायाचे आहे.

हा प्रश्न केवळ विधिमंडळाचा आहे असे समजून आपण सुटू शकत नाही. आपल्या मोहल्ल्यातील ट्रस्टची, वक्फची दुकाने कोणाकडे आहेत आणि किती भाड्याने आहेत, हे पाहावे. जुन्या भाड्यात दुकान सांभाळणारा माणूस जर भाडे ठरवणाऱ्या सभेत विश्वस्त म्हणून बसत असेल, तर विधिमंडळातल्या घरमालकापेक्षा तो वेगळा नाही. ट्रस्टच्या उत्पन्नातून ज्या मुलीची फी भरली जायची, ती त्या सभेत नसते. सोसायटीची कमिटी, शाळेची संस्था, बाजार समिती, जिथे जिथे थोडेजण अनेकांसाठी निर्णय घेतात, तिथे हा प्रश्न विचारता येतो. या निर्णयात माझे काय आहे, आणि ते समोरच्यांना माहीत आहे काय?

पद ही अमानत आहे हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची धार गेली आहे. अमानतीचा अर्थ केवळ दुसऱ्याची वस्तू खाऊ नये एवढाच नाही. दुसऱ्याच्या आणि आपल्या वस्तूंची सरमिसळ होईल अशा जागी ती ठेवू नये, आणि ठेवावी लागलीच तर कोणती कोणाची हे आधी सांगावे, हाही आहे. घरमालकाने कायदा करावा, पण खिशातली किल्ली टेबलावर काढून ठेवून करावा. ती तेथे सर्वांना दिसली की त्याचे मतही आपण विश्वासाने ऐकू शकू.